पक्षी फक्त बाईंनी कापायचे

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. हे माझ्याच हाताखाली घडलंय.

वेळ रात्रीची नव्हतीच. भर दुपार, तीनचा सुमार. बाईंची खोली, खिडकीलगतचं टेबल.

बाई म्हणजे मला कागदाची नाजूक जाळी कापायला शिकवणाऱ्या. हात सोन्याचा, जीभ कात्रीची. चार वर्षं मी त्यांच्या कागदी झाडांची पानं कापली. पक्षी मात्र त्या स्वतः कापायच्या. आणि खाली नाव... फक्त त्यांचं.

"ब्लेड जागच्या जागी. कागद फिरवायचा," हा त्यांचा घोष.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मागे एक अर्धवट झाड राहिलं. पानं सगळी माझी. पक्षी बाकी.

त्यांची सून, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "तूच पुरं कर. उद्या प्रदर्शनात लावू. सासूबाईंच्या नावानं."

"माझ्या नावानं."

"त्यांना चालणार नाही हं."

"मग येऊन सांगू देत!" मी बोलून गेले.

एकटीच बसले. पहिल्या पक्ष्याला ब्लेड लावलं.

कर्र...

हात थांबवला. आवाज थांबला नाही.

कर्र... कर्र...

कागदाला कान लावला. आवाज त्यातूनच येत होता. पण कागद कुठेच कापला जात नव्हता.

पाणी प्यायले. पुन्हा बसले.

आणि तळहाताखालचा कागद... फिरला.

हळूच. बाई फिरवायच्या तसा.

ओढला असता तर पानांची सगळी मेहनत टराटरा फाटली असती. सोडला असता तर पक्षी पुन्हा त्यांचेच.

माझी पाचावर धारण बसली. पण रागही आला. मेल्यावरसुद्धा?

तळवा घट्ट दाबला. "बाई, कागद सोडा. शिकवलंत, उपकार आहेत. पण पक्षी मी कापणार."

बोटं गारठली. कागद थरथरला...

आणि सुटला.

संध्याकाळपर्यंत सातही पक्षी कापले. कोपऱ्यात माझं नाव लिहिलं. खोलीला कुलूप लावून ताठ मानेनं घरी गेले. किल्ली माझ्याच पर्समध्ये.

सकाळी कुलूप उघडलं. पक्षी जागेवर होते.

नावाच्या जागी... सुबक चौकोनी भोक.

"सासूबाईंचं नाव घालू या का गं?" वहिनी दारातूनच म्हणाल्या.

"नाही."

दुसऱ्या कोपऱ्यात नाव लिहिलं नाही. ब्लेडनं कोरलं, प्रत्येक अक्षर आरपार.

प्रदर्शन झालं. ते झाड आता माझ्या घरी आहे. नाव अजून शाबूत आहे. तरी रोज उठल्यावर आधी तिकडेच बघते.

एक दिवस तिथेही भोक दिसेल. दिसू दे. अजून दोन कोपरे शिल्लक आहेत.