फ्यूजच्या खाचेतली पांढरी तार

"दीपाताई, इकडं या जरा."

मारोती आत्रामचा आवाज इतका पडला होता, की दीपा खोब्रागडेनं हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला आणि गाडीकडे धाव घेतली.

बॉनेट उघडं होतं. फ्यूज बॉक्सचं झाकण बाजूला काढलेलं होतं. इंधनाच्या पंपाचा पिवळा फ्यूज जिथं असायला हवा, तिथं तो नव्हता. त्याच्या जागी एक बारीक तार होती, दोन्ही टोकं दुमडून दोन खाचांत नीट खोचलेली.

"हे तुम्ही केलं?" दीपानं हळूच विचारलं.

"आईची आण, ताई. म्या आत्ताच झाकन उघडलं."

"खोटं बोलून राह्यला हा!"

मागून गर्जना आली. गाडीचे मालक विठ्ठलराव गावंडे, घाटंजीचे निवृत्त मुख्याध्यापक. ग्राहकांच्या खोलीत पेपर वाचत बसायचं सोडून ते नेमके याच वेळी आत आले होते. "मागच्या खेपेले यानंच गाडी खोलली होती. माह्या गाडीचा असली फ्यूज काढला अन् तार खोचून देल्ली! गाडी पेटली असती तं?"

यवतमाळच्या त्या वर्कशॉपमध्ये ग्राहकांच्या तक्रारी लिहून घेणं हे तिचं काम, आणि या एका छोट्या एसयूव्हीनं तिच्या नाकी नऊ आणले होते. सहा महिन्यांत ही पाचवी खेप. घाटंजीत गाडी सुरू होत नाही म्हणून उचलून आणायची, आणि इथं बटण दाबलं की ती पहिल्याच फटक्यात सुरू! घरी मुकी, वर्कशॉपमध्ये बोलकी. अशा गाडीचं करायचं तरी काय?

मॅनेजर रूपसिंग राठोड यांनी मास्तरांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि ते बसनं निघून गेल्यावर दीपाला आत बोलावलं.

"सर कंपनीले लिहिणार हायेत, पोलिसात बी जाणार हायेत. सोमवारपर्यंत खरं काय ते समजलं नाही, तं मारोतीले काढा लागते."

"सोळा वर्षं झाली साहेब त्यांना. फ्यूज काय सोन्याचा असते का चोरायले?"

"मले समजते. वरच्यायले नाही समजत."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही तऱ्हा दीपाला सहन होईना. असा डाग घेऊन बाहेर पडलेल्या मेकॅनिकला जिल्ह्यात कुणी दारात उभं करत नाही, हे तिला माहीत होतं. मारोती एका कोपऱ्यात हात पुसत बसला होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसतच होता.

तिनं ती तार चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"मारोतीभाऊ, आपल्याकडची तार तांब्याची, लाल असते नं?"

"लालच."

"ही पांढरी आहे."

मारोतीनं डोळे बारीक केले. "अशी तार आपल्याकडं येतच नाही, ताई."

मग दीपानं पाचही जॉब कार्डं काढली. पहिल्या वेळी खरंच बिघाड होता. बॅटरीच्या टोकांवर गंज चढला होता आणि मारोतीनं घाटंजीला जाऊन तो साफ केला होता. पुढच्या चारही वेळा तक्रार एकच, 'सुरू होत नाही', आणि त्यातल्या पहिल्या तीन वेळा तिच्यापुढं दीपाच्याच अक्षरात, 'दोष आढळला नाही'. ते वाचताना तिला स्वतःचाच राग आला.

त्याखाली मास्तरांच्या किरकोळ कटकटी होत्या. हेडलाइट कमी पडते. समोरची काच धुरकट दिसते. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं. दिवे तीनदा तपासले होते, वायपर दोनदा बदलले होते, काच घासून दिली होती, तरी पुढच्या कार्डावर पुन्हा तेच. शिवाय डाव्या बाजूला ओरखडे, आणि एकदा डावा आरसा फुटलेला. कारण म्हणून मास्तरांनी सांगितलं होतं, 'उभ्या गाडीले कोनीतरी ठोकलं.'

रविवारी सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं घाटंजीला गेली. मास्तर अंगणात बाजेवर बसले होते. मोबाइल हातभर लांब धरून ते काहीतरी वाचायचा प्रयत्न करत होते.

"सर, चार प्रश्न विचारते. रागावू नका."

"विचार. पन त्या मानसाची बाजू घेऊ नको."

"गाडी बंद पडली त्या दिवशी कुठं निघाले होते?"

"पुसदले. माह्या लेकीची पोरगी, माही नात खुशी, तिथं राह्यते. तिले आनायले."

"आणि त्याच्या आधीच्या वेळेस?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "पुसदलेच."

"त्याच्या आधी?"

"पुसदलेच नं बापा! पोरीले सुट्टी लागली का मी निघतो, अन् ऐन वक्तावर गाडी धोका देते. लेकरू तिकडं वाट पाहून रडते."

"वावरात जाता तेव्हा?"

"रोज जातो. तवा एकदा बी नाही."

दीपाच्या पेनाची हालचाल थांबली. नवी गाडी, नवं इंजिन. त्याला पुसदचंच काय वावडं असावं?

"दुसरी किल्ली कुणाकडं असते?"

"अमरकडं, माह्या पोराकडं. तो पुन्याले हाये. दिवाळीपासून आला नाही."

"गाडी बंद पडली की तुम्ही काय करता?"

"काय करू? तुमाले फोन करतो अन् घरात जाऊन पडतो. तुमचा ट्रक याले दोन-तीन घंटे लागतात. डोकं फिरते माणसाचं!"

तेवढ्यात विमलताई चहा घेऊन आल्या. मास्तरांची बायको. पासष्टीची, सडपातळ, चटपटीत बाई. दीपाची नजर त्यांच्या मागं टिनाच्या शेडकडे गेली. शेडमध्ये गाडीची जागा रिकामी होती आणि तिच्या पलीकडे गोणपाटानं झाकलेली पिठाची गिरणी होती.

"काकू, गिरणी कोण चालवत होतं?"

"मीच. हे नोकरीपायी बाहेरगावी. वीस वर्षं दळून देल्लं मी गावाले."

"लाइट गेली, फ्यूज उडाला, तर?"

"तार बांधाची अन् चालू कराची. वायरमनची वाट पाहत बसलं तं लोकायनं भाकरी कवा कराची?"

मास्तर हसले. "गिरणी ठीक हाये. पन तिले गाडीतलं काय समजते! काल म्हने, यायले मोटार चालवू नका म्हनून सांगा कोनी."

रिकामे कप उचलून विमलताई आत गेल्या. गिरणीच्या जुन्या बोर्डाला, खिळ्यावर, पांढऱ्या तारेची एक लहानशी रीळ अडकवलेली होती.

सोमवारी सकाळी दीपानं मारोतीला गाडीची बॅटरी आणि तिच्याखालची ताटली काढायला लावली.

"कायले, ताई?"

"काढा तर खरं."

ताटलीखाली, धुळीत, पिवळा फ्यूज पडलेला होता. त्याच्या दोन्ही अंगांना बारीक दाताचे ठसे होते. पायात रुतलेला बाभळीचा काटा काढायला घरोघरी चिमटा असतो, तशा चिमट्याचे.

दुपारी मारोतीनं गाडी घाटंजीला नेली. सोबत दीपा आणि रूपसिंग साहेब. मारोतीला पाहून मास्तर उठून उभे राहिले.

"याले कायले आनलं?"

"बसा सर," दीपा म्हणाली. "तुमचा फ्यूज सापडला. चोरी झालीच नव्हती. काढताना तो हातातून सुटला आणि बॅटरीखाली पडला. ज्यानं काढला, त्याला तो परत बसवायचा होता. याआधी तीनदा बसवलाही होता."

"कोनाले?"

"तुम्ही पुसदला निघायचे, त्याच सकाळी फ्यूज निघायचा. तुम्ही चिडून घरात जायचे. ट्रक यायच्या आत फ्यूज जागेवर जायचा. म्हणून आम्हाला दोष सापडत नव्हता. हे काम घरात असणाराच करू शकतो. मारोतीभाऊ त्या सकाळी चाळीस किलोमीटर दूर होते."

रूपसिंग साहेबांनी मान हलवली. मास्तरांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"पाचव्या खेपेला फ्यूज हरवला. ट्रक तर येऊन राहिलेला. मग त्या हातानं सवयीनं जे यायचं तेच केलं. तार बांधली. गिरणीच्या बोर्डाला लावतात ती, कल्हईची पांढरी तार. आमच्याकडं ती नसते, तुमच्या शेडमध्ये आहे."

मारोती एक पाऊल पुढं आला.

"पण एवढ्या फ्यूजांतून नेमका हाच कसा सापडला?" दीपानं मारोतीकडे पाहिलं. "भाऊ, पहिल्या वेळी तुम्ही इथं आले होते. कुणाला काही दाखवलं?"

मारोतीच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि लगेच मावळला. "काकूनं च्या देल्ला होता. इचारलं, इतके रंग कायचे हायेत? म्या म्हनलं, हा पिवळा काढला का गाडी मुकी."

"मीच काढला," विमलताई दारातून म्हणाल्या.

"विमल?" मास्तर पुटपुटले.

त्या पायऱ्या उतरून आल्या त्या थेट मारोतीपुढं. त्यांनी हात जोडले. "तुमच्यावर येईन असं मले वाटलं नाही, भाऊ. परवा हे वर्कशॉपातून आले अन् सांगितलं तवापासून अन्न गोड लागलं नाही. बोलाची हिंमत नाही झाली."

"पन काहून?" मास्तर ओरडले. "माह्या नातीले माह्याकडं येऊ द्याचं नव्हतं तुले?"

"जित्ती येऊ द्याची होती!" विमलताईंचा आवाज फाटला. "आर्णीच्या पुढं बैलबंडी दिसलीच नाही तुमाले. भरदिवसा! खुशी पुढं बसली होती. मी ओरडली तवा तुमी स्टेअरिंग वळवलं, अन् बंडीच्या दांडीनं आरसा गेला. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावरून गेली ती दांडी."

"ऊन डोळ्यावर होतं."

"मी तीनदा सांगितलं, डोळे दाखवा. पोराले सांगितलं, तो म्हने बाबाले कोन सांगन? तुमी म्हनले, तुले गाडीतलं काय समजते. मंग मले जे समजते ते म्या केलं."

मास्तर दीपाकडे वळले. "लाइट कमी हाये गाडीची. मी पयलेपासून सांगून राह्यलो."

"लाइट तीनदा तपासली, सर. काच घासली, वायपर बदलले. दिव्याभोवती कडं दिसते असं तुम्ही दर वेळी लिहायला लावलं, आणि मी मुकाट्यानं लिहून घेत गेले. माझ्या आईनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी हेच शब्द सांगितले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आम्ही सहा महिने गाडी दुरुस्त करत बसलो आणि गाडीला काही झालंच नव्हतं."

मग ती विमलताईंकडे वळली. तिचा राग अजून पुरता उतरला नव्हता. "आणि काकू, गिरणीचं ठीक होतं. गाडीत फ्यूज आधी जळावा म्हणूनच बसवलेला असतो. तार टिकते आणि गाडी पेटते. खुशी आत असती तर?"

विमलताई मटकन बाजेवर बसल्या. हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. चाळीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल शाई ओढणाऱ्या माणसाला आज कुणावर ओरडावं तेच कळेना.

रूपसिंग साहेब खाकरले. "सर, तुमची तक्रार जॉब कार्डावर लेखी हाये. मारोतीची नोकरी..."

"समजलं मले."

मास्तर घरात गेले आणि वही-पेन घेऊन बाहेर आले. शाळेत असताना शिपायाच्या रजेचा अर्जसुद्धा ते दुसऱ्याला लिहू देत नसत, सगळी घाटंजी हे जाणत होती. त्यांनी वही उघडली, कोऱ्या पानाकडे पाहिलं, ते जवळ धरलं, मग लांब धरलं. शेवटी ती बायकोच्या मांडीवर ठेवली.

"तू लिही. मी सांगतो."

विमलताईंनी पदरानं डोळे पुसले आणि पेन उचललं. मास्तर ताठ उभे राहिले, वर्गात श्रुतलेखन सांगावं तसे.

"मेकॅनिक मारोती आत्राम यांच्याविरुद्धची माझी तक्रार मी मागे घेत आहे. गाडीच्या बिघाडात त्यांचा काहीही दोष नाही. पूर्णविराम."

"पुढं?"

"दोष..." मास्तर अडखळले. त्यांनी मारोतीच्या दिशेनं पाहिलं. तो पाच पावलांवर उभा होता, आणि तो हसतो आहे की रडतो आहे, हे त्यांना खरोखरच दिसत नव्हतं.

"दोष माझ्या डोळ्यांचा आहे."

विमलताईंचं पेन थांबलं.

"लिही नं," मास्तर म्हणाले. "जसं सांगितलं तसंच लिही."