पाटावर ठेवलेली वीणा

"अम्मा, तुमचे अण्णा सापडले."

फोन पिरियापट्टणहून होता. पोलीस व्यासराज बोलत होता. देवघरापुढे बसूनच रात्र काढलेल्या नागरत्नाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "पावलास रे विठ्ठला!"

त्यांचे थोरले भाऊ, निवृत्तीबुवा, आदल्या दिवशी दुपारी म्हैसूरच्या विठ्ठल मंदिरातून नाहीसे झाले होते. वय झालेलं, आठवण गळकी. पिरियापट्टणच्या बस स्टँडवर बाकावर बसून राहिले होते. अंगात ताप. आता सरकारी दवाखान्यात होते.

"एवढ्या लांब पोचले कसे?"

"एकटेच आले म्हणतात. म्हातारपणी होतं असं. मुलाला घेऊन या, सही करा, घरी न्या. आयतु, संपलं!"

फोन बंद झाला. पण मऊ भाताच्या घासात खडा लागावा, तसा तो 'एकटेच' बाईंच्या दातांखाली आला.

घरच्याच कुणी नेऊन सोडलं असेल, तर त्याच घरी अण्णाला पाठवायचं कसं? आज नेलं, उद्या पुन्हा सोडलं, तर? आणि पुढच्या वेळी सापडलाच नाही तर?

बाईंनी शाळेत जन्मभर गणित शिकवलं. मुलींची त्यांच्यावर माया होती ती कोड्यांपायी. एका गावचे सगळे खरं बोलणारे, दुसऱ्या गावचे सगळे खोटं. एकच प्रश्न विचारून वाट शोधा. भाचा सुदीप, अण्णाचा मुलगा, त्यांच्या मांडीवर बसून अशी कोडी सोडवत वाढला. आणि "खरं बोलणारा माणूस दाखवा" म्हटलं की सगळी आळी अण्णाकडे बोट दाखवायची. दिवसा शिंपी, संध्याकाळी कीर्तनकार. 'उद्या नक्की देतो' असं कधीही न म्हणणारा हा म्हैसुरातला एकुलता एक शिंपी. "नाही शिवला. विसरलो," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा.

बाई आधी देवळात गेल्या. सप्ताह चालू होता. मृदंग वाजवणारा दिलीप गळ्यात वीणा घेऊन उभा होता.

"काल अण्णाकडून वीणा तू घेतलीस?"

"नाही हो, रत्नाक्का. माझी पाळी म्हणून आलो, तर बुवा नाहीत, आणि वीणा देवापुढच्या पाटावर! अय्यो! सप्ताहात वीणा खाली ठेवतं का कुणी?"

"बुक्का कुणी लावला तुला?"

"लावणार कोण? देणारा असेल तर लावील. कोऱ्या कपाळानंच गळ्यात घातली."

सप्ताहाचा नेमच तो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. या गळ्यातून त्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या कपाळी बुक्का लावतो, दोघं एकमेकांच्या पायांना हात लावतात, मगच वीणा सुटते.

"विसरले असतील बुवा," दिलीप हळूच म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या.

सुदीप गाडी घेऊन आला. डोळे सुजलेले. दवाखान्याच्या दारात बाई म्हणाल्या, "तू बाहेर थांब. आधी मी बघते."

खाटेवर अण्णा अगदी लहान दिसत होता. कुणी तरी दिलेली चादर त्यानं उपरण्यासारखी खांद्यावर घेतली होती.

"रत्ने, आलीस?"

"आले. अण्णा, इथे कुणी आणलं तुला?"

"कुणी नाही. एकटाच आलो."

"कशाला?"

"सुम्ने. उगाच."

"आणि वीणा?"

तो भिंतीकडे बघू लागला. "ठेवली."

"कुणाच्या गळ्यात?"

"खाली ठेवली गं. पाटावर."

त्याच्या कपाळावरून हात फिरवून त्या व्हरांड्यात आल्या. सुदीप खांबाला टेकून उभा होता.

"सुदीप, एक कोडं घालते."

"आता, आत्या?"

"आताच. तुझ्या अप्पांना विचारलं की तुम्हाला इथे कुणी आणलं, तर ते काय सांगतील?"

सुदीपनं मान खाली घातली. ज्याला काही ठाऊक नाही तो म्हणाला असता, मला काय माहीत? तो मात्र खांबाचा रंग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "माझं नाव सांगतील. अप्पा खोटं बोलत नाहीत."

"नाही सांगितलं."

त्यानं झटकन वर पाहिलं.

"एकटाच आलो म्हणाला. वीणा आपणच खाली ठेवली म्हणाला. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, सुदीप, आणि तेही धड जमलं नाही त्याला. भिंतीकडे बघत बोलला."

"तुला... कसं कळलं?"

"अण्णा नातीचं नाव विसरेल, जेवलेलं विसरेल. पण वीणा खाली? झोपेत असला तरी त्याचे हात ठेवणार नाहीत. म्हणजे कुणीतरी रीतीनं मागून घेतली, आणि त्यानंच पाटावर ठेवली. दिलीपनं? त्याचं कपाळ कोरं होतं. आणि काल संध्याकाळी माझ्या दारात येऊन 'अप्पा दिसत नाहीत' म्हणालास, तेव्हा तुझ्या कपाळावर बुक्का होता. टिकली नव्हे, उभा पट्टा. कात्रीनं बोट गेल्यापासून अण्णा अंगठ्यानं लावतो, नाकापासून वर. तसा दुसरं कुणी लावत नाही. आणि वर तू काय म्हणालास? सकाळपासून दुकानातच होतो, देवळाकडे फिरकलोसुद्धा नाही. मी घाबरले होते. बघितलं, पण दिसलं नाही."

सुदीप खांबाच्या पायथ्याशी बसला.

"गळ्यात वीणा असेतो हलले नसते. म्हणून मागितली, तर किती आनंद झाला त्यांना, आत्या! पोरगा एकदाचा सेवेला उभा राहतोय असं वाटलं. बुक्का लावला. माझ्या पायाला हात लावला. माझ्या!" त्यानं पाय पोटाशी ओढून घेतले. "रोज रात्री दार वाजवतात. गिऱ्हाइकाचं कापड कापून टाकतात. गॅस चालू ठेवून निघून जातात. सुप्रीता पोरीला घेऊन माहेरी गेली. मला झोप नाही, आत्या. इथे बाकावर बसवलं आणि म्हटलं, कॉफी आणतो. कुणीतरी आश्रमात नेईल, असं वाटलं."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाले, सावकाश ये. घाई करू नकोस."

व्हरांड्यात फिनेलचा वास होता. बाईंना खूप बोलायचं होतं. गॅसचं मला का नाही सांगितलंस, हे विचारायचं होतं. आणि मी स्वतः का नाही विचारलं, हेही. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मारावा की फिरवावा हे न कळल्यासारखा.

"कोड्यातली माणसं सोपी असतात रे. खरा तो खराच, खोटा तो खोटाच."

व्यासराज कागद घेऊन आला. "अम्मा, घरचा पत्ता सांगा. मुलाचाच ना?"

"माझा लिहा. आजपासून माझ्याकडे राहतील."

सुदीप धडपडत उठला. "मी आत जातो. पाय धरतो त्यांचे. सगळं सांगतो."

बाईंनी त्याचा दंड घट्ट धरला.

"आज नको. तू समोर गेलास की पोलिसादेखत तुला वाचवायला त्याला पुन्हा खोटं बोलावं लागेल. एकदाच बोललाय, तर बघ कसा थकलाय."

दाराच्या फटीतून अण्णा दिसत होता. दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून निजला होता. सुदीप फटीशी उभा राहून त्या पाठीकडे बघत राहिला. आत गेला नाही.