पहाटेचे हात

ठेव गं तो फोन बाजूला. ऑफिस कुठं पळून जात नाही. रात्रीचे साडेदहा वाजून गेले, गच्चीवर एवढा छान गार वारा सुटलाय, आणि तू आपली 'पाठवते सर, पाठवते सर' करत बसलीयस. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण तुमच्या नोकऱ्यांचे नऊ दिवस काही संपत नाहीत बाबा.

आणि तू रे दादूस, हसू नकोस. तुझाही ठेव.

भुताची गोष्ट हवी ना? सांगतो. पण ही ऐकीव नाही हं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पोराच्या बाबतीत घडलेली आहे, आणि थोडीशी मीसुद्धा ऐकलीय, या कानानं. मधूनमधून 'हं' म्हणत राहा, म्हणजे झोपला नाहीत हे कळेल.

तर मी पार्सल कंपनीतून निवृत्त व्हायला वर्षभर होतं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एक नवा पोरगा अधिकारी म्हणून लागला. हुशार, सालस, आणि कायम पळत. कुणीही हाक मारली की 'आलोच' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला 'आलोच'च म्हणायचो. मला तो काका म्हणायचा. वर्षभर त्याला कायम केलेलं नव्हतं, त्यामुळे बिचाऱ्याला 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. पहाटेच्या गाड्या सुटायच्या आत गोदामात हजर व्हायचं आणि संध्याकाळी सात वाजता सुटायचं. सुटला तर.

त्याची बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तिचीही पहिलीच नोकरी. नव्या माणसाला रात्रपाळी, ही तिथली रीत. आणि घरात आठ महिन्यांचं बाळ. संध्याकाळी ती कामावर जाताना बाळाला पाळणाघरात सोडायची, कामावरून सुटला की हा तिथून घरी न्यायचा, रात्रभर सांभाळायचा. पहाटे ती आली की हा बाळ तिच्या हातात द्यायचा आणि निघायचा. पाळणाघर सकाळी नऊशिवाय उघडत नाही, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. सुट्टीचे वारही वेगळे, आणि त्या दिवशीही कामावर बोलावणं यायचंच. एका छपराखाली राहून नवराबायकोची भेट फक्त पहाटे, अंधारात, मिनिटभर.

अंधारात का? तर बाळाची झोप कापसासारखी हलकी. दिवा लागला की जागं, कुणी बोललं की जागं. म्हणून त्यांनी घरात नियमच केला होता, पहाटे दिवा नाही आणि बोलणं नाही. त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. दिवस वर आला तरी आत रात्रच.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोघांना एकाच दिवशी सुट्टी मिळाली होती. रात्री नऊच्या सुमाराला तिनं त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं, झिरोचा बल्ब आणायला. निळा आण म्हणाली, डोळ्यांवर येत नाही. हा गेला, बल्ब घेतला, दुकानदाराशी दोन शब्द बोलला, येताना तिच्या आवडीचं आइस्क्रीमही घेतलं. खूष होती हो स्वारी.

स्टुलावर चढून बल्ब लावला. ती खाली उभी राहून म्हणाली, "बरं झालं. आता साडेसहाला मी आले की तुझं तोंड तरी दिसेल मला."

हा वरूनच म्हणाला, "साडेसहा काय? तू पावणेसहाला येतेस."

"पावणेसहाला यायचे. आधी. ड्यूटी पुढे ढकलल्याला सहा आठवडे झाले. मेसेज केला होता की तुला."

"अगं, पावणेसहाला तर मी निघतो. तू आल्यावरच निघतो ना."

ती हसली. तिला वाटलं, हा थट्टा करतोय. "साडेसहाला तू त्या खुर्चीत बसलेला असतोस, बाळाला घेऊन. मी हात पुढे करते, तू देतोस, आणि जातोस."

आलोच स्टुलावरून खाली उतरला. त्यानं विचारलं, "मग पावणेसहाला मी बाळ कुणाच्या हातात देतो?"

...

हं म्हणा की.

दोघांनी फोन काढले. मेसेज होता. 'उद्यापासून मला पाऊण तास उशीर होईल. तू तुझं तसं जमव हं, प्लीज.' आणि त्याखाली यानं उठवलेला अंगठा. कुठल्याशा गाडीचा हिशोब चुकला होता तेव्हा, दहा माणसांचे मेसेज एकदम येत होते, यानं न वाचता सगळ्यांनाच अंगठे दिले. तिनं तो अंगठा पाहिला आणि निश्चिंत झाली. म्हणजे ती यायची साडेसहाला, हा निघायचा पावणेसहाला. मधला पाऊण तास ते बाळ, आठ महिन्यांचं...

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. ती नुसती पलंगावर बसली आणि म्हणाली, "तू एक शब्द बोलायचा नाहीस. मला वाटायचं, माझ्या नोकरीला वैतागलायस. रोज रडायचे मी तू गेल्यावर."

"मला वाटायचं तू वैतागलीस," तो म्हणाला. "हातसुद्धा इतके गार लागायचे तुझे. म्हटलं, बाहेरच्या थंडीतून आलीय."

"तुझेही गार असायचे. मला वाटलं, थंड पाण्यानं आंघोळ करतोस."

मग तिनं विचारलं, "आणि ते दुपटं? बाळाला घट्ट गुंडाळून पायाशी बारीकशी गाठ मारतोस, ते?"

त्याला कुठली गाठ मारता येतेय? रोज रात्री धुवायला टाकताना ती गाठ हाच सोडायचा. त्याला वाटायचं, ही हॉस्पिटलात शिकली.

आइस्क्रीम तसंच वितळून गेलं. रात्रभर दोघं मोठा दिवा लावून बसले, मध्ये बाळ.

तू म्हणशील, नोकरी सोडायची मग. कुणी सोडायची, सांग ना? घराचा हप्ता दोघांच्या पगारावर उभा. सोमवारी तिनं लॅबच्या मुख्य बाईंकडे पाळी बदलून मागितली. बाई म्हणाल्या, दोन महिने थांब. यानं आमच्या साहेबांना विचारलं, पहाटे तासभर उशिरा आलो तर चालेल का. साहेब म्हणाले, "चालेल ना. पण मग कायम करायच्या वेळी मला काही विचारू नकोस." कारण काय सांगणार? माझ्या बायकोच्या जागी दुसरंच कुणीतरी येतं, असं? इकडे आड, तिकडे विहीर. मला त्यानं जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. डबा उघडलासुद्धा नव्हता. मी मेला मोठा शहाणा, त्याला म्हणालो, "अरे, झोप नाही तुम्हाला, भास होतात. उद्या खुशाल उशिरा ये, साहेबाला मी सांभाळतो."

मंगळवार उजाडायचा होता. त्यानं निळा बल्ब चालू ठेवला. दाराला आतून कडी घातली. बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसला.

पावणेसहा झाले.

कडी वाजली नाही. दार उघडलं नाही. पण बाहेरच्या खोलीत चपला काढल्याचा आवाज आला. एक. मग दुसरी. त्याची बायको काढते तशाच, एकीवर एक टाकून.



पावलं आत आली. निळ्या उजेडात सगळं दिसत होतं. कपाट. पाण्याची बाटली. पलंग. माणूस नव्हतं.

पलंग करकरला. गादी एका जागी हळूच खाली दबली. कुणी बसावं तशी.

बाळ जागं झालं. रडलं नाही. त्या दबलेल्या जागेकडे बघून हसलं... आणि दोन्ही हात पुढे केले. उचलून घे म्हणतात ना पोरं, तसे.

यानं त्याला छातीशी आवळलं. बाळ वाकायला लागलं. पलंगाकडे. रोजचंच होतं ना त्याचं ते. रोज याच वेळी तिकडे जायचं, हे त्याला ठाऊक होतं. बापानं जाऊ दिलं नाही, तेव्हा ते रडायला लागलं. असं रडलं, की काळंनिळं झालं. बाप थोपटतोय, जोजवतोय... काही उपयोग नाही. स्वतःच्या पोराला त्याला गप्प करता येईना.

तेवढ्यात टेबलावर त्याचा फोन वाजला.

तो फोन मी केला होता. साहेब सव्वासहालाच येऊन माझ्या डोक्यावर बसले होते, म्हणून. चार वेळा वाजला आणि उचलला गेला. मी म्हटलं, "अरे, हॅलो, निघालास का?" पलीकडे बाळाचा आक्रोश. आणि त्याच्यावर, अगदी फोनला तोंड लावून, कुणीतरी मला गप्प करत होतं.

श्श...

श्श...

मला वाटलं, हाच. बाळ झोपवतोय. मी ठेवला फोन.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सहज म्हणालो, काल फोनवर बाळाला गप्प करत होतास ना. तो म्हणाला, "काका, मी दोन्ही हातांनी बाळाला धरलेलं होतं. मी फोन उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला तो."

...

हां, तर त्या मंगळवारी साडेसहाला दार वाजलं. यानं उठून, बाळाला एका हातानं आवळून, कडी काढली. बायको दारात उभी. दमलेली, डोळे लाल, खांद्याला पिशवी. रडणारं बाळ बघून तिनं हात पुढे केले.

यानं दिलं नाही.

"अरे, दे ना. काय झालं?"

"बोल आधी. आणखी बोल."

"काय बोलू? मी आहे."

"हात बघू तुझे."

तिनं हात पुढे धरले. थंडीचे दिवस, स्कूटरवरून आलेली... हात गारच होते तिचे. तो मागे सरकला. भिंतीला टेकला. ती जिन्यातल्या उजेडात उभी राहून रडतेय, "अरे, मीच आहे, मी आई आहे त्याची," आणि हा मान हलवतोय, नाही, नाही. आपल्या बायकोचे हात ओळखता येईनात त्याला. सहा आठवडे दुसऱ्याच कुणाचे धरले होते. पुरती अर्धी घटका दोघं तशीच उभी होती, उंबऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. शेवटी रडून रडून बाळच झोपलं.

मधले दिवस तिनं आजारी असल्याचं सांगून रजा काढली, आणि त्याच शनिवारी त्यांनी बाळाला तिच्या आईवडिलांकडे नेलं. गाडीनं पाच तास. आजोबांचे गुडघे गेलेले, यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती दोघं इथं येऊ शकत नव्हती, म्हणून बाळ तिकडे. पाळी बदलेपर्यंत, दोनच महिने. आजीआजोबांना खरं काही सांगितलं नाही. म्हातारी माणसं, कशाला जिवाला घोर! नोकरीची ओढाताण होते, एवढंच सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. येताना गाडीत ती बाळाचं टोपडं मुठीत धरून बसली होती म्हणे. घरी आल्यावर पावणेसहाला काहीही झालं नाही. ना चपला, ना पावलं. पंधरा दिवस घर नुसतं शांत. दोघांनाही वाटलं, सुटलो.

पंधरा दिवसांनी दोघांनी कशीबशी एकेक रजा जमवली आणि रात्रीच्या गाडीत बसले. पहाटे पोचले. बाहेर अजून अंधारच होता. आजीनं दार उघडलं, हळू बोला म्हणाली, आत्ताच गाढ झोपलंय. दोघं चोरपावलांनी आतल्या खोलीत गेले. दिवा मंद होता. बाळाचं अंग भरलं होतं, गाल वर आले होते, गुलाबी दिसत होतं. तिला इतका आनंद झाला. ती वाकली.

दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. आणि पायाशी... बारीकशी गाठ.

तिनं हळूच विचारलं, "आई, हे असं बांधायला कधी शिकलीस?"

आजी म्हणाली, "मी कुठं बांधते? मी नुसतं पांघरूण घालते. पहाटे बघावं तर असं छान बांधलेलं. मला वाटलं, तुझे बाबाच उठतात."

आजोबा दारात काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "मी? माझे गुडघे कुठले उठू देतायत? मला वाटलं, हीच."

...

मग काय, मग काय? काय करणार होते ते? बाळ उचलून पुन्हा कुठं नेणार होते? दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला गोदामात हजर व्हायचं होतं, तिला रात्री लॅबमध्ये. परतीची गाडी दुपारची होती.

आलोचनं ती गाठ सोडायला हात पुढे केला. तिनं त्याचा हात धरला. कितीतरी वेळ बाळाकडे बघत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "झोपलंय."