चाकाखालचा दगड

सकाळी सहा. आगारात उभी असलेली बस विद्यापीठाच्या मंडपात घुसली. आत झोपलेला पहारेकरी चाकाखाली सापडला. त्याला बेशुद्धावस्थेत इस्पितळात नेलं.

जागा मागण्यासाठी विद्यापीठाने उभारलेला हा मंडप आगाराच्याच मैदानात होता. परिवहन खात्याची ही जागा विद्यापीठाला द्यायची का, यावर दुपारी पालिकेत मतदान होतं. विरोधात सर्वांत मोठा आवाज चालकांच्या पुढाऱ्याचा. त्याला सगळे पैलवान म्हणत. बस त्याचीच. चाव्या गाडीतच राहतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, तरी बोटं त्याच्याकडेच वळली आणि पोलिसांनी त्याला धरून ठेवलं.

फौजदारबाई वाकल्या. बसच्या मागच्या चाकाला दगड लावलेला होता.

"हा कुणी लावला?"

"आम्ही धावत आलो तेव्हा होताच," पैलवान म्हणाला. "नव्या गाड्यांचे ब्रेक धरतात, बाई. आता दगड कोण लावतंय? लावणारे केव्हाच घरी बसले. दगड तेवढे भिंतीकडेला पडून आहेत."

तेवढ्यात विद्यापीठाची बाजू लढवणारे नगरसेवक आले. गाडीतून उतरताच त्यांनी तिथेच पडलेला एक लाकडी ठोकळा पायाने आपल्या गाडीच्या चाकाखाली सारला. रस्ता सपाट होता.

"बघा ही गुंडगिरी," ते म्हणाले. "आता तरी कुंपणावरच्या सदस्यांचे डोळे उघडतील."

पैलवान पुटपुटला, "एकेकाळी इथंच स्टिअरिंग धरायचे. आता आमच्याच पोटावर पाय द्यायला निघालेत."

बाईंनी नगरसेवकांना बाजूला घेतलं.

"नोकरी कधी सोडलीत?"

"जुन्या गाड्या होत्या तेव्हाच. का?"

"मंडपात बस घालणाऱ्याला पळायची घाई होती. तरी तो उतरून चाकाला दगड लावून गेला. बाहेरच्याला ते सुचणार नाही. आजचा चालक ते करत नाही. हा हात जुन्या चालकाचा. घरी बसलेल्यांनाही मी विचारेन. पण पैलवानावर आळ आला तर मतं कुणाकडे झुकतात? आणि तुमचा पाय आत्ता काय करून आला?"

नगरसेवकांनी वळून आपल्या गाडीकडे पाहिलं. चाकाखाली तो ठोकळा होता.

"मंडप रिकामा असतो, बाई," ते हळूच म्हणाले. "थंडीमुळे पहारेकरी आत शिरला असेल, हे मला कसं कळणार?"

पैलवानाला सोडलं. तो तडक इस्पितळात गेला आणि पहारेकऱ्याच्या बायकोशेजारी बाकावर बसला.

दुपारी, एक सदस्य कमी असतानाही, मतदान सुरू झालं. पहारेकरी तोवर शुद्धीवर आलेला नव्हता.