न उमटलेले वळ

बाहीचं माप घेताना सासूबाईंच्या हातातली टेप मध्येच थांबली… आणि शिवणाच्या खोलीत एकाएकी इतकी शांतता पसरली, की खिडकीशी बसून त्यांच्या मशीनला तेल घालणाऱ्या जावयालाही मान वर करावी लागली.

मुलीच्या दंडावर चार डाग होते. ओळीने, जांभळे, कडेने पिवळट पडत चाललेले. आणि आतल्या बाजूला, काखेकडे, पाचवा, अंगठ्याचा. सासूबाईंनी आयुष्यभर लोकांच्या अंगाची मापं घेतली होती. कपड्याखाली कोण काय लपवतं, ते त्यांना टेप लावताच कळे.

"हे काय गं, मासोळी?" लहानपणापासून पाण्यात पडून असायची, म्हणून घरात तिचं हेच नाव होतं.

"तलावावर लागलं, आई. धक्क्याच्या दगडाची कड लागली."

"कडेला बोटं असतात का?"

मासोळीने बाही खाली ओढली. सासूबाईंनी टेप गळ्यात अडकवली आणि जावयाकडे पाहिलं… त्याच्या तोंडाकडे नव्हे, हातांकडे. लिफ्टच्या मोटारी उघडून आणि जाड तारांचे दोर ओढून राठ झालेले ते हात त्याला त्या क्षणी कुठे ठेवावेत तेच कळेना. तेलाची कुपी त्याने उगाचच खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही होती, की ती बोटं खरोखर त्याचीच होती.

मागच्या वर्षी पाय मोडून मासोळी प्लास्टरमध्ये पडली होती, तेव्हा पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि तिचा तुकडा वाहत वाहत फुप्फुसात जाऊन अडकला. जीव वाचला, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी मागे लागली, कदाचित कायमची. घरी मात्र सांगितलं, न्यूमोनिया. कारण सासरे, म्हणजे मासोळीचे वडील, हृदयासाठी तसलीच गोळी घेत असत. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं डोकं आपटलं, आत रक्तस्राव झाला तो थांबलाच नाही… आणि तेव्हापासून सासूबाईंच्या लेखी ती गोळी म्हणजे डबीत कोंडलेला साप होती. दवाखान्यातल्या खाटेवर, नाकात ऑक्सिजनची नळी असताना, मासोळीने नवऱ्याचा हात धरून सांगितलं होतं, "आईला कळता कामा नये. कळलं तर ती रोज मला मेलेली बघेल." त्याने शब्द दिला होता.

पुढे बऱ्याच तपासण्या करून डॉक्टरांनी तिला पुन्हा लांब पल्ल्याच्या पोहण्याची परवानगी दिली, पण अटींवर. गोळी वेळेवर, होडी कायम शेजारी, डोक्याला जराही मार बसला तर थेट दवाखाना, आणि खरचटणं शक्य तितकं टाळायचं. हंगामाच्या शेवटी तलाव आडवा पोहून जाण्याची शर्यत होती. दर रविवारी मासोळी सराव करी आणि तो होडीतून लांब काठीला बांधलेल्या पेल्यातून तिला साखरपाणी देई. तासन्‌तास गार पाण्यात राहिल्यावर तिचे पाय लाकडासारखे होत. धक्क्याचे दगड शिंपल्यांनी काटेरी झालेले. स्वतः चढली असती तर नडग्या सोलून निघाल्या असत्या. म्हणून तो गुडघे टेकून तिचे दंड पकडी आणि तिला सरळ वर उचलून घेई. दुसऱ्या कुणाच्या अंगावरची ती पकड संध्याकाळपर्यंत पुसली गेली असती. हिच्या अंगावर मात्र त्वचेखाली पाझरलेलं रक्त आठवडाभर दिसत राही. तिला खरचटू नये म्हणून तो धरत होता, आणि धरल्याची खूण त्याच्या नावावर चढत होती.

त्यातून तो घरजावई. सासरे गेल्यावर सासूबाई एकट्या पडतील म्हणून दोघं वरच्या मजल्यावर राहायला आली होती. घरजावई म्हणजे मुळातच अर्धा गुन्हेगार. उरलेल्या अर्ध्यासाठी फक्त पुरावा मिळायची खोटी.

तो आता मिळाला होता. वर कुणाचा आवाज जरासा चढला, अगदी नळ नीट बंद केला नाही एवढ्यावरून का होईना, की खाली शिवणाची मशीन थांबे… आणि ती थांबलेली मशीन त्याला चालत्या मशीनपेक्षा जास्त ऐकू येई. जिन्यातून उतरताना सासूबाई त्याच्या पावलांवरून त्याचा पारा मोजत. जेवताना मीठ मागितलं तरी त्याच्या हाताकडे आधी नजर जाई आणि मग मिठाकडे.

मग एका संध्याकाळी मासोळीचा भाऊ आला. हा शाळेची बस चालवायचा, पलीकडच्या गल्लीत राहायचा, आणि जावईही त्याला दादाच म्हणायचा.

"जावईबापू, जरा गच्चीवर या. पाण्याची टाकी बघायचीय."

टाकीला काहीही झालेलं नव्हतं.

"तिच्या दंडावरची बोटं तुमची?"

खोटं बोलता आलं असतं. पण कुठलं खोटं या खऱ्याला पुरून उरणार होतं?

"माझीच."

"का?"

त्याने टाकीचं झाकण उगाच नीट बसवलं.

"का, ते विचारतोय."

"ते सांगता येणार नाही, दादा."

दादाने त्याच्या कानफटात ठेवून दिली. मग स्वतःच्याच हाताकडे पाहत, दम लागल्यासारखा म्हणाला, "आता 'तुम्ही' संपलं. पुन्हा तिच्या अंगावर डाग दिसला, तर या गच्चीवरून खाली जायला तुला लिफ्ट लागणार नाही."

खाली आल्यावर मासोळीने विचारलं, "गाल का लाल?"

"ऊन लागलं."

सूर्य केव्हाच मावळला होता. ती त्या गालाकडे पाहत राहिली.

आणि मग, हळूहळू, डाग दिसेनासे झाले.

सराव तोच, तलाव तोच, उचलणारा तोच; पण रविवारनंतर तिचे दंड स्वच्छ. सासूबाईंनी काहीतरी निमित्त काढून पुन्हा एकदा माप घेतलं आणि टेप न थांबता पुढे गेली. मशीन पुन्हा अखंड चालू लागली. एके दिवशी त्याच्या ताटात न विचारता वाढलं गेलं. दादाने येता-जाता, मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माणूस सुधारतो, आई. वेळेवर समज मिळायला हवी." जावयाला हसू आलं, पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. आळ खोटा असला तरी तो उतरल्यावर खांदे हलके व्हायचे ते होतातच.

हा हलकेपणा टिकला तो एका इमारतीच्या माथ्यावर, मोटारीच्या खोलीत लिफ्टचा ब्रेक तपासेपर्यंत. चाकावर बॅटरीचा झोत मारत तो नवीन मदतनिसाला सांगत होता, "ब्रेक धरत असेल तर इथे घासल्याची खूण दिसते. खूण नाही म्हणजे…"

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

त्याच्या हातांची ताकद कमी झालेली नव्हती. मासोळीचं वजन घटलं नव्हतं. मग खूण कुठे गेली? पातळ रक्त चटकन पाझरतं, म्हणून डाग पडत होते. डाग पडत नाहीत, म्हणजे रक्त… तो तिथेच मोटारीशेजारी खाली बसला.

घरी येऊन त्याने खण उघडला. गोळ्यांचं पाकीट दिवसागणिक रिकामं होत होतं, एकही गोळी जास्तीची नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली. पण संशय म्हणजे घरात शिरलेली मुंगी. एक दिसली की माणूस भिंतीची फट शोधत सुटतो. पुढच्या रविवारी तिला वर घेताना त्याने मुद्दाम, दात आवळून, दंड घट्ट दाबला.

"दुखतंय रे," मासोळी कळवळली.

"पाय घसरला माझा," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून होडीचा दोर गुंडाळत राहिला, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी चहा देताना त्याने तिचा दंड पाहिला. स्वच्छ. तिसऱ्या दिवशीही स्वच्छ. बायकोच्या अंगावर डाग सापडावा म्हणून आसुसलेला असा नवरा जगात दुसरा नसेल… आणि तो सापडत नव्हता.

"गोळी घेतेस ना?"

"पाकीट बघ की." ती फणकारली. "आता तूही नजर ठेव. तुझ्यावर या घरात ठेवतात ती कमी पडली वाटतं."

शर्यत दोन दिवसांवर आली. दादाही त्या संध्याकाळी जेवायला होता. मासोळी भिंतीचा आधार घेत जिना उतरली आणि डावा पाय किंचित उचलूनच खुर्चीवर बसली. मोज्याचा काठ डाव्या पायात खोल रुतला होता. वरची पोटरी ताणल्यासारखी चमकत होती. त्याने वाकून हात लावला. गरम होती.

"ऊठ. दवाखान्यात."

"स्नायू आखडलाय. सरावाने होतं असं."

"एकाच पायाचा? ऊठ म्हणतो ना."

"आवाज कुणावर चढवतोस?" दादा अर्धवट उठलाच.

सासूबाईंच्या हातातला डाव थांबला. आणि ज्या घराने आत्ता कुठे त्याला माणसात घेतलं होतं, त्या घरासमोर त्याने तोंडाचं कुलूप काढलं. गुठळी, फुप्फुस, गोळी, धक्का, दंड… सगळं सांगून टाकलं. मासोळीकडे मात्र त्याला बघवेना.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू कठोर झाला.

"छान रचलंत, जावईबापू. आधी पोरीला मारायचं, आणि अंगाशी आलं की माझ्या गेलेल्या माणसाचं औषध पुढे करायचं. तेवढंच उरलं होतं." त्या मुलीकडे वळल्या. "मासोळी, हे खरं आहे?"

मासोळी ताटाकडे पाहत होती. एक 'नाही' म्हटलं असतं तर शर्यत राहिली असती, आईचा जीव शांत राहिला असता. बळी जायचा तो एकटा जावई. आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्यालाही वाटून गेलं, की ती तसंच म्हणेल… शर्यतीसाठीच तर तिने गोळ्या सोडल्या असणार, डाग पाहून आईने पाण्यात उतरणं बंद करू नये म्हणून.

"खरं आहे, आई," ती म्हणाली. "गोळ्याही मीच बंद केल्यात. रोज एक काढते आणि बेसिनमध्ये टाकते."

"पण का?" या वेळी विचारणारा तो होता.

"गच्चीच्या जिन्यात होते मी त्या दिवशी." तिचा आवाज फाटला. "दादाने तुला मारलं, आणि तू हूं की चूं केलं नाहीस. माझ्या एका शब्दापायी… रोज तुझ्याकडे चोरासारखं बघतात, तेही मी पाहत होते. आईला सांगायचा धीर होईना. वाटलं, तेवढे डाग गेले तर तुझ्यावरचा आळ जाईल. शर्यत झाली की पुन्हा सुरू करणार होते रे… थोड्याच दिवसांचा प्रश्न होता."

त्याने तिच्याकडे पाहिलं. हिच्यावर त्याने संशय घेतला होता, तो बरोबर निघाला होता. आणि तरी तो सगळाच्या सगळा चुकला होता.

"वेडे," तो कसाबसा म्हणाला, "आणखी चार थपडा खाल्ल्या असत्या मी."

दादा खाली मान घालून चपला शोधत होता. एक पायात होती, तीच शोधत होता.

दाराशी गाडी म्हणून दादाची शाळेची बसच उभी होती. रिकाम्या बसमध्ये, लहान मुलांच्या बुटक्या बाकावर, मासोळीचा पाय मांडीवर घेऊन जावई बसला. मागच्या बाकावर सासूबाई. वाटेत एकदा सासूबाईंनी पुढे हात करून त्या पायावर आपली शाल टाकली, आणि शाल जावयाच्या हातांवरही पडली, ती त्यांनी काढली नाही.

गुठळी होती. पोटरीतच होती, वर सरकली नव्हती. मागचा इतिहास पाहून डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. "अशीच पाण्यात उतरली असती, तर मी काहीच सांगू शकलो नसतो," ते म्हणाले.

सासूबाई डॉक्टरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तिला देणार ती गोळी… आमच्या ह्यांना होती तीच का?"

"त्याच जातीची. पण त्यांना पडण्याने घात केला, बाई. हिला गोळी नसती, तर ही मागच्याच वर्षी…"

"कळलं." सासूबाईंनी पदराची, टेपेची, कशाचीच चाळवाचाळव केली नाही, दोन्ही हात नुसते लोंबत राहिले. "माझ्या भीतीला भिऊन ही पोरं आगीशी खेळली. द्या तिला. माझ्यासमोर द्या."

नर्सने गोळी दिली. मासोळीने गिळली. सासूबाईंनी डोळे मिटले नाहीत.

बाहेर दादा भिंतीला टेकून उभा होता. जावई जवळ येताच म्हणाला, "मला एक ठेवून दे. फिट्टंफाट होऊ दे."

"नको, दादा. माझ्या हातांच्या मागे आधीच फार चौकशा लागल्यात."

दादा हसायला गेला आणि त्याला रडू आलं. जावयाने त्याला तोंड धुवायला नळ दाखवला.

शर्यतीची सकाळ दवाखान्यातच उजाडली. मासोळी भिंतीकडे तोंड करून पडली होती. वर्षभराची मेहनत या घटकेला दुसरीकडे कुठेतरी पाण्यात उतरत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई पेंगल्यासारख्या बसल्या होत्या.

"आज पाणी कसं असेल?" मासोळीने भिंतीलाच विचारलं.

तो खिडकीशी गेला. तिथून तलाव दिसत नव्हता. फक्त एक झाड आणि त्याची हलणारी पानं. "वारा मागून आहे," तो म्हणाला. "सुरुवात सोपी जाईल. तू नेहमीसारखी घाई करशील."

"नाही करणार."

"करशील. मी काठीवरून पेला पुढे करीन, तू घेणार नाहीस. दुसऱ्या खेपेला घेशील."

"साखर जास्त झालेली असेल. तुझी नेहमी होते." ती कुशीवर वळली, डोळे ओले होते, पण त्याच्याकडे पाहत होते. "मध्यावर पाणी एकदम गार होतं. तिथे मला पाय आहेत की नाहीत ते कळत नाही."

"तिथे मी बोलत राहीन. काहीही. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या गोष्टी सांगीन."

"त्या सगळ्या ऐकून झाल्यात."

"मग पुन्हा ऐक. पाण्यातून जाणार कुठे आहेस?"

ती हसली. दोघं कुठल्या तरी गार पाण्याच्या मधोमध थांबून राहिली.

कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. त्या झोपलेल्या नव्हत्या. "मग?" त्यांनी विचारलं. "पोचली का ती?"

मासोळीने आईकडे पाहिलं. "अजून नाही, आई. अर्ध्यावरच आहे."

सासूबाईंनी खुर्ची उचलून खाटेजवळ आणली, आणि जावयालाही बसता येईल एवढी जागा सोडून, नीट सावरून ऐकायला बसल्या.