समासातलं वाक्य

"जरा वाचून दाखवता का? दोनच पानं," असं एका अनोळखी माणसाला आपण का म्हणालो, हे तिला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. तो आला होता बहिणीच्या शिवणाच्या दुकानाची पावतीपुस्तकं न्यायला. पुस्तकं अर्थातच तयार नव्हती, कारण सांगितल्या दिवशी काम तयार ठेवायचं अशी त्या छापखान्याची रीतच नव्हती. म्हणून तो बाकावर बसून राहिला होता आणि ती समोर बसून मान मोडून घेत होती.

प्रूफ तपासायला खरं तर दोन माणसं लागतात. एकानं लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्यानं छापून आलेल्या कागदावर नजर ठेवून चुकलं तिथे खूण करायची. तिचा वाचक त्याच आठवड्यात काम सोडून गेला होता. एकटीनं दोन्ही कागद बघायचे तर मान पंख्यासारखी फिरवावी लागत होती.

त्यानं पान हातात घेतलं, घसा खाकरला आणि पहिल्याच वाक्याला अख्खा छापखाना थांबवला. मशीनवरच्या माणसानं चाक बंद केलं. मॅनेजरकाका केबिनमधून चष्मा वर करून बघायला लागले.

"हळू वाचा," ती म्हणाली. "इथे कुणाची गाडी सुटत नाहीये."

तो चपापला. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"मी बसस्टँडवर गाड्या पुकारायचो. दहा वर्षं. गेल्या महिन्यात तिथे यंत्र बसवलं. आता एक बाई बोलते, टेप केलेली. तिला सर्दी होत नाही, रजा लागत नाही..."

"आणि स्वल्पविराम?"

"ते तिला शिकवायचं राहिलं बहुतेक."

ती हसली. मॅनेजरकाकांनी दोन पानं संपायच्या आत त्याला कामावर ठेवून घेतलं. पावतीपुस्तकं पुढच्या आठवड्यात मिळाली.

छापखान्यात तिला सगळे कानस म्हणत, कारण कुणाचंही काम ती घासून घासून गुळगुळीत केल्याशिवाय सोडत नसे. त्याचं नाव दोन दिवसांत पुकाऱ्या पडलं. तिनं त्याला कामाच्या खाचाखोचा शिकवल्या. त्यातली एक खोडी तिच्या आधीच्या लोकांपासून चालत आली होती. तपासणारा माणूस तासाभरानं पेंगायला लागतो, डोळे कागदावर असतात आणि मन भलतीकडे. म्हणून वाचणाऱ्यानं मध्येच आपल्या पदरचा एखादा शब्द घुसडायचा. तपासणारा जागा असेल तर पेन्सिल टेबलावर वाजवतो.

"आणि नाही वाजवली तर?"

"तर चहा त्याचा."

आठ महिन्यांत तिनं एकदाही चहा दिला नाही. तो मात्र शब्दावरून वाक्यावर गेला. त्या दिवसांत एका आजोबांचं पुस्तक त्यांच्याकडे आलं होतं. आजोबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती आणि म्हातारपणी लिहायला बसले होते. रोजची साधी सुखं आणि लिहिणं-वाचणं यांचं नातं त्यांनी जुळवलं होतं. गरम पाण्यानं आंघोळ करणं म्हणजे आवडतं पुस्तक पुन्हा वाचणं, ते म्हणत. त्यात पुढे काय होणार ही धास्ती नसते. आणि मटार सोलणं म्हणजे लिहिणं, परातभर शेंगांमधून वाटीभर दाणे निघतात आणि टरफलांचं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

"गरम पाणी अंगावर पडलं की माणूस डोळे मिटतो, स्वल्पविराम," पुकाऱ्या वाचायचा, "आवडत्या ओळीलाही तो असेच डोळे मिटतो, पूर्णविराम. समोरच्या बाईंनी आज केस धुतले आहेत, स्वल्पविराम, ते वाळेपर्यंत त्यांनी उन्हात बसावं, पूर्णविराम."

टक, टक.

"हे आजोबांचं नाही."

"नाही? हस्तलिखितात तर आहे."

"दाखवा."

"अक्षर फार बारीक आहे, तुम्हाला दिसायचं नाही..." असं म्हणत तो पान छातीशी धरायचा, आणि ती पेन्सिलीनं त्याच्या बोटांवर मारायची. मग खुर्ची खिडकीकडे सरकवून ती उन्हात बसायची. केस खरंच ओले असायचे. तिला पस्तिसावं लागलं होतं. आईनं स्थळं बघणं सोडून दोन वर्षं झाली होती. आपल्याकडे कुणी इतकं निरखून बघतं आहे, याचा तिला इतका आनंद व्हायचा की घरी जाताना ती एक स्टॉप आधी उतरून चालत जायची.

तोंडानं मात्र दोघंही काही बोलले नाहीत. तिला वाटायचं, त्यानं बोलावं. त्याला स्वतःच्या मनातलं सांगायला दुसऱ्याचं हस्तलिखित हातात लागायचं.

सहाव्या महिन्यात त्याचा आवाज बसला. तिनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, ज्येष्ठमध आणून दिलं. आवाज सुटला नाही. एकदा एका पानात तो चार वेळा थांबला, तेव्हा ती म्हणाली, "बसस्टँडवरच्या त्या बाईलाच बोलावून घेऊ का आता?" तो हसला आणि पाणी प्यायला. हे बोलणं नंतर तिला फार जड गेलं.

आजोबांचं शेवटचं प्रकरण आजारपणाबद्दल होतं. आपण महिनाभर अंथरुणावर होतो, तेव्हा खिडकीतलं ऊन आणि उशाजवळचं पुस्तक यांनी कसं तगवलं, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांची एक सवय दोघांच्याही जिवावर यायची. लिहून झाल्यावर ते कडेनं आणखी वाक्यं जोडत, आणि टाइप करणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटत. मग पुकाऱ्यानं वाचलेलं वाक्य प्रूफात नसलं, की ते आजोबांचं राहून गेलेलं की याचं पदरचं, हे तिला ठरवावं लागे. ती ते त्याच्या आवाजावरून ओळखायची. खोडी असली की आवाज कडेला जरा हसायचा.

त्या शुक्रवारी दुपारी तो घोगऱ्या, सपाट आवाजात वाचत होता. "आजारी माणसाला दिवस मोठा वाटतो, स्वल्पविराम, पण पुस्तक लहान वाटतं, पूर्णविराम. सोमवारी घशाचं ऑपरेशन आहे, स्वल्पविराम, त्यानंतर मला बोलता येणार नाही, पूर्णविराम. त्याआधी तुम्हाला एक विचारायचं आहे, स्वल्पविराम, तुम्ही माझ्यासोबत राहाल का, पूर्णविराम."

प्रूफात हे नव्हतं. आवाज हसला नव्हता. आजोबा वाचकाला पानोपानी 'तुम्ही' म्हणून हाक मारायचे, आणि प्रकरण आजारपणाचंच होतं. तिनं पेन्सिल वाजवली नाही. बाण काढून ती तिन्ही वाक्यं समासात नीट लिहून घेतली, 'का'पुढे प्रश्नचिन्ह घातलं, आणि मान वर न करता पुढचं पान त्याच्याकडे सरकवलं.

तो तिच्या पेन्सिलीकडे बघत राहिला. मग त्यानं ते पान वाचलं, त्याच्या पुढचंही वाचलं. पुस्तक संपलं. "येतो," तो म्हणाला. ती खुणा पुन्हा तपासत होती. तिनं नुसतं "हं" केलं.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. रजेवर आहे, बहिणीकडे काहीतरी काम आहे, एवढंच मॅनेजरकाकांना माहीत होतं. आठवडा गेला तेव्हा तिला राग आला. आठ महिने समोर बसून एका शब्दानं सांगून जाता येत नाही? रागाच्या भरात तिनं एकटीनं दोन पुस्तकं तपासली आणि त्यांत ढीगभर चुका ठेवल्या. पहिल्यांदाच मॅनेजरकाकांनी तिचं काम परत पाठवलं.

बाराव्या दिवशी, दुरुस्त करून आजोबांकडे पाठवलेलं प्रूफ घेऊन ते स्वतःच आले. काठी टेबलाला टेकवून ते खुर्चीत बसले.

"बाई, मला कावीळ झाली होती," ते म्हणाले. "माझा घसा ठणठणीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघा. सोमवारी माझं ऑपरेशन आहे म्हणे. आणि अनोळखी वाचकाला मी विचारतोय, माझ्यासोबत राहाल का. या वयात! सून वाचून हसत सुटली. कुणी लिहिलं हे?"

तिनं प्रूफ हातात घेतलं. छान काळ्या टाइपात, आजोबांच्या परिच्छेदात, ती तीन वाक्यं मुकाट बसली होती. तिनं ती एकदा वाचली. मग तिला ती त्याच्या आवाजात ऐकू आली. त्यानं सांगितलं होतं. त्यानं विचारलंसुद्धा होतं. आणि तिनं त्यातलं विरामचिन्ह सुधारून पुढचं पान त्याच्यापुढे सरकवलं होतं.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "चूक माझी आहे, आजोबा." आणि तशीच उठून ती पावतीपुस्तकांवरच्या पत्त्यावर गेली. शिवणाचं दुकान बंद होतं, शेजारच्यांनी तिला हॉस्पिटलचं नाव आणि मजला सांगितला.

वॉर्डच्या दाराशी त्याची बहीण उभी होती. सगळे तिला ताई म्हणत. तिनं हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का त्या कानसबाई?"

"हो."

"मग आता कशाला आलात? उत्तर दिलंत ना त्याला. घरी येऊन जेवलादेखील नाही तो त्या दिवशी. म्हणाला, तिनं ऐकलं आणि पुढचं पान दिलं."

"मला वाटलं लेखकाचं वाक्य आहे. मी ते प्रूफात लिहून घेतलं, ताई." आणि मग ती तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडायला लागली. ताईनं थोडा वेळ रडू दिलं. नंतर दार ढकलून धरलं.

तो उशीला टेकून बसला होता. गळ्याला पट्टी, तिच्यात मध्यभागी एक नळी, आणि त्याचा श्वास नाकातोंडातून नाही तर तिथून येत जात होता. ते बघून ती घाबरली. तिनं ते लपवलं नाही. त्याच्या मांडीवर शाळेची वही होती. तिला बघून त्यानं पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

तिनं पर्समधून प्रूफ काढून त्याच्यासमोर धरलं. त्यानं वाचलं. परिच्छेद, वाक्यं, तिनं घातलेलं प्रश्नचिन्ह. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. तोंड हसत होतं, डोळे हसत होते, आणि आवाजाच्या जागी नळीतून नुसती हवा सुटत होती. तिला ते सहन होईना. तिनं त्याचा हात धरला.

"मी राहीन," ती म्हणाली. "त्याच दिवशी म्हटलं असतं. कळलं असतं तर."

त्यानं हात सोडवून लिहिलं, 'तेव्हाची गोष्ट वेगळी. आता काय उपयोग?'

"उपयोग बघायला मी काय फडकं विकत घ्यायला आलेय?"

'दया नको.'

"दया नाही. खरं सांगू? तुमचा आवाज मला फार आवडायचा. तो गेला याचं मला वाईट वाटतंय, आणि वाटत राहणार. कधी चिडेन, कधी रडेन. समोर बसून रडेन. चालेल?"

त्यानं वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, 'पुढे एक यंत्र मिळतं गळ्याला लावायला. आवाज यंत्राचाच येतो. डॉक्टर म्हणतात, पाच वर्षं काढली तर सुटलो. नाही तर...' पुढची तीन टिंबं त्यानं एकेक करून दाबून काढली होती.

"पाच वर्षांनी बघू मग. तोवर लग्न करून ठेवू."

शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले. पुकाऱ्यानं पेन्सिल उचलली. एकच शब्द लिहिला आणि वही तिच्याकडे फिरवली. 'ये.' आठ महिन्यांत त्यानं तिला एकेरीत हाक मारली नव्हती. ती खाटेच्या कडेवर बसली, आणि भेटायची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत दोघं एकमेकांचे हात धरून बसले. तिला सुख झालं. ते सुख कशासारखं आहे हे आजोबांना विचारलं असतं तर त्यांना सुचलं नसतं, कारण त्याच्या पोटात भीती होती.

जिना उतरताना तिनं त्याचा आवाज आठवून बघितला. आठ महिने रोज ऐकलेला आवाज. पण त्या आवाजात मनाशी येत होतं ते सगळं परक्यांचं. कुणाची कादंबरी, कुणाचा शेतीचा अहवाल, आजोबांची आंघोळ, आणि हजारो स्वल्पविराम. मोबाइलमध्ये त्याचा एक शब्द नव्हता. समोर बसलेल्या माणसाला कोण फोन करतं?

ती खालच्या पायरीवर बसली. प्रूफ पालथं केलं आणि त्याचं स्वतःचं जे जे आठवेल ते लिहायला लागली, त्यानं ज्या शब्दांत म्हटलं त्याच शब्दांत. 'खिडकी लावू का, कागद उडतायत.' 'आज चहा बरा झालाय.' 'तुमची चप्पल तुटलीय, सांभाळून.' 'अहो, पेरू घ्या ना, ताईनं दोन दिलेत.' एवढ्याएवढ्याशा गोष्टी होत्या. झाल्या तेव्हा तिनं लक्षही दिलं नव्हतं. आणि आता एखादा शब्द पुढेमागे होईल या धास्तीनं ती एकेक ओळ लिहून पुन्हा ओठांत म्हणून बघत होती.

अकरा वाक्यं झाली. बारावं काही केल्या आठवेना. माणसं तिला वळसा घालून जिना चढत-उतरत राहिली, आणि ती पेन्सिल कागदावर टेकवून बसून राहिली.