ओंडक्यातली नदी

ज्या जिवाला आपण वाचवतो त्याने आपल्याला ओळखावे, अशी इच्छा धरणे हा काही दोष नव्हे. परंतु त्या ओळखीपायीच त्याची वाट चुकणार असेल तर वाचवणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर शास्त्राजवळ नसते. कुमुदिनीबाई खांबेटे यांच्यापुढे हा प्रश्न वयाच्या शहात्तराव्या वर्षी येऊन उभा राहिला.

त्या काळी सह्याद्रीतील नद्या उन्हाळ्यात इतक्या तापत, की त्यांतील मासे जगत नसत. नद्या पुन्हा निवेपर्यंत एकेका जातीचे मासे लोकांच्या घरी काचेच्या पेट्यांत सांभाळले जात. वाळंबी नदीतल्या खवली नावाच्या बोटभर रुपेरी माशांची अंडी कुमुदिनीबाईंच्या वाट्याला आली होती. पती जाऊन नऊ वर्षे झाली होती. घरात श्वास घेणारे दुसरे कोणी नव्हते.

अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही दिवसांत मासा ज्या पाण्याचा वास घेतो, तो त्याच्या मेंदूत जन्मभरासाठी उमटतो. या ठशाला शास्त्रज्ञ 'गंधमुद्रा' म्हणत. मोठेपणी खवली अंडी घालते, ती तोच गंध सापडेल तेथेच. घरच्या नळाला नदीचा गंध कोठून असणार? म्हणून प्रत्येक पेटीबरोबर नदीच्या तळातून काढलेला एक ओंडका दिला जाई. वर्षानुवर्षे पाण्यात पडून त्याच्या रंध्रारंध्रांत नदी मुरलेली असे. सुकलेला ओंडका तरंगतो; तो घासून, दगडाखाली दाबून तीन आठवडे भिजवावा आणि त्यातून उतरणारे तपकिरी पाणी जपून ठेवावे; मग ओंडका पेटीत ठेवून ते पाणीही थोडे थोडे घालावे, असे सोबतच्या पत्रकात लिहिलेले असे.

पिल्ले सहा आठवड्यांची झाल्यावर मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. शमीम नाईकवडी तपासणीसाठी आल्या. त्यांनी एक दुतोंडी पन्हळ मांडली. एका तोंडाने वाळंबीचे पाणी, दुसऱ्याने साधे. पिल्लांनी नदीकडे धाव घ्यायला हवी होती. ती मधल्या मध्ये घुटमळत राहिली.

"काकू, ओंडक्याचं पाणी घातलं होतंत ना?"

"कोणतं गं?"

"ते चहासारखं दिसणारं."

"ते रोज सकाळी ओतून टाकलं की! शिळं पाणी आमच्या घरात कधी ठेवलं नाही. एकवीस दिवस बदललं, तेव्हा कुठे काचेसारखं निघालं."

शमीमने कपाळाला हात लावला. "काकू, अख्खी नदी मोरीत ओतलीत तुम्ही!"

"पत्रकातली अक्षरं मुंगीएवढी. जरा मोठी छापली असतीत तर हात झिजले असते का?"

शमीमला हसू आवरेना. इतक्यात पन्हळीत पडलेला कचरा काढण्यासाठी कुमुदिनीबाईंनी साध्या पाण्याच्या तोंडाशी बोटे बुडवली, आणि सारी पिल्ले सळसळत त्या बोटांना येऊन बिलगली.

शमीमने त्यांना पुन्हा बोटे बुडवायला लावून पाहिले, तोंडे बदलून पाहिले. प्रत्येक वेळी तेच.

"ओंडका बुडावा म्हणून त्यावर काय ठेवलं होतंत?"

"हात. दगडाने चरे पडले असते. सकाळ-संध्याकाळ तास तास दाबून बसायची. मला दुसरं काय काम आहे?"

नदी धुऊन गेलेल्या रंध्रांत त्या तळव्यांचा अंश मुरला होता. पिल्लांनी जन्मताच घेतलेला पहिला गंध तोच.

"म्हणजे ही मला ओळखतात?" असे म्हणून कुमुदिनीबाईंनी तोंड फिरवले. आनंद झाल्याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी विचारले, "नदीत सोडली तर?"

"जगतील. पण अंडी घालायला तुमचा हात शोधत फिरतील, काकू. आयुष्यभर."

"आणि इथंच राहिली तर?"

"तुमच्या हाताशी अंडी घालतील. त्यांची पिल्लंही तुमचीच होतील. तुम्ही आहात तोवर वंश चालेल."

कुमुदिनीबाई पिल्लांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरा ओंडका मिळेल?"

पुढच्या वर्षी खवलींनी त्यांच्या तळहातावर अंडी घातली. शमीमने ती त्याच दिवशी दुसऱ्या पेटीत हलवली. तेथे नवा ओंडका होता आणि त्याचे एक थेंबही न सांडलेले तपकिरी पाणी होते. त्या पेटीला कुमुदिनीबाईंनी हातमोज्यांवाचून कधी स्पर्श केला नाही. खाणे घालायचे तेही लांब दांड्याच्या चमच्याने.

तपासणीच्या दिवशी नवी पिल्ले एकजात वाळंबीच्या पाण्याकडे गेली.

"आता दुसऱ्या तोंडाशी हात घाला, काकू. खात्री करायला हवी."

त्यांनी मोजा काढला आणि हात बुडवला. एकही पिल्लू वळले नाही.

"छान झालं, काकू."

"हो. फार छान झालं," त्या म्हणाल्या; आणि पाणी गार असूनही हात बराच वेळ तसाच राहिला.

त्या पिल्लांना त्यांची नदी निवलेली मिळो. ज्यांची नदी एका तळव्याएवढीच आहे, त्यांच्या आयुष्याला तो तळवा पुरो. आणि जिने स्वतःची ओळख स्वतःच्या हाताने पुसली, तिच्या दाराशी अधूनमधून कोणी हाक मारीत येवो.